पिकाची तक्रार वाचणारे यंत्र

‘मक्याच्या पोंग्यात अळी आहे, भुसा पडतो, औषध सांगा’ अशी एक ओळ शेतकरी मोबाईलवर लिहितो. अशा ओळी इंटरनेटवर इतक्या साठतात की, त्या सर्व वाचून कोणत्या भागात कोणती कीड वाढते आहे हे ठरविणे माणसांच्या आटोक्यातले राहिलेले नाही. म्हणून हे वाचनाचे काम संगणकाकडे सोपविण्यात येऊ लागले आहे. केंद्र शासनाने जानेवारी २००४ मध्ये ‘किसान कॉल सेंटर’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तेथील प्रश्नोत्तरांच्या नोंदी शासनाच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर जिल्हावार उपलब्ध आहेत. त्यांतील कित्येक नोंदी सल्लागाराने घाईने टिपलेल्या, चार-पाच शब्दांच्याच आहेत. यंत्राला वाचावयास मिळतात ते एवढेच शब्द.

यंत्र वाचते म्हणजे त्याला शेती कळते असे नव्हे. ते ओळीचे शब्द सुटे करते, त्यांची मोजदाद करते आणि कोणता शब्द कोणाच्या सोबतीने येतो ते पाहते. सर्वच शब्दांना सारखे वजन देऊन चालत नाही. केंब्रिजच्या संशोधिका कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये यासाठी एक साधा नियम मांडला. जो शब्द बहुतेक सर्व मजकुरांत येतो त्याचे वजन कमी, आणि जो मोजक्याच मजकुरांत येतो त्याचे वजन अधिक. ‘औषध सांगा’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक तक्रारीत असतात, त्यामुळे त्यांवरून काहीच निष्पन्न होत नाही. ‘पोंगा’ हा शब्द मात्र क्वचित येतो, आणि आला की रोख कोणत्या पिकाकडे व पिकाच्या कोणत्या भागाकडे आहे ते उघड करतो.

मराठीत पहिली अडचण शब्दांच्या रूपांची येते. मावा, माव्याने, माव्यामुळे, माव्यावर हे यंत्राच्या दृष्टीने चार निरनिराळे शब्द ठरतात. त्यांचे मूळ एकच आहे हे त्यास शिकवावे लागते. शिवाय मावा मिठाईच्या दुकानातही असतो आणि पानपट्टीवरही. कोळी हा शब्द तर मिरचीवरील कीड, जाळे विणणारा प्राणी आणि मासेमारी करणारा समाज या तिघांनाही लागू पडतो. शेजारच्या शब्दांवरून यांतील कोणता अर्थ घ्यावयाचा हे नव्या पद्धतींना बरेच साधते. त्यासाठी त्यांना मराठी मजकूर विपुल प्रमाणात वाचावयास द्यावा लागतो. पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने २०२२ मध्ये सुमारे २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील मोठा भाग बातम्यांचा आहे, आणि बातमीची भाषा बांधावरच्या भाषेहून निराळी असते हे वेगळे सांगावयास नको.

खरी गफलत किडींच्या नावांत आहे. हेलिकोव्हर्पा ही एकच कीड हरभऱ्यावर घाटे अळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि कापसावर अमेरिकन बोंडअळी म्हणून ओळखली जाते. यंत्राने नुसती नावे मोजली तर एकाच किडीचा वाढता उपद्रव तीन लहान आकड्यांत विभागला जाईल आणि कोणाच्याच डोळ्यांत भरणार नाही. उलटपक्षी करपा हे एकच नाव भात, केळी, कांदा व टोमॅटो या पिकांवरील वेगवेगळ्या रोगांना दिले जाते.

याची किंमत कशी मोजावी लागते हे लष्करी अळीच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. भातावरील एका किडीस हे नाव पूर्वीपासून आहे. अमेरिका खंडातून आलेली निराळीच लष्करी अळी २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात मक्यावर आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. जुन्या मजकुरावर शिकलेले यंत्र ‘लष्करी अळी’ हे शब्द दिसताच जुन्या किडीचा सल्ला पुढे करण्याचा संभव असतो. नवी अळी पोंग्यात शिरून खाते, म्हणून फवारा पोंग्यात पडेल असाच मारावा लागतो. वरवर केलेल्या फवारणीचा पैसा व मजुरी दोन्ही वाया जातात आणि तोवर अळी मोठी होऊन आवरेनाशी होते.

नकारार्थी वाक्याचाही असाच घोटाळा होतो. ‘पांढरी माशी दिसत नाही, पण पाने पिवळी पडतात’ या ओळीची गणना साध्या मोजणीत पांढऱ्या माशीच्या तक्रारींत होऊन बसते.

सबब ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने तक्रार लिहून घेताना किंवा पुढे पाठविताना केवळ किडीचे नाव लिहून थांबू नये. पीक, पेरणीस झालेले दिवस, झाडाचा कोणता भाग बाधला आहे आणि डोळ्यांस काय दिसते, हे शेतकऱ्याच्याच शब्दांत लिहावे. गावचा शब्द अशुद्ध समजून बदलू नये. ‘मक्यावर अळी’ या नोंदीपेक्षा पुढील नोंद कितीतरी उपयोगी पडते: ‘मका, पेरणीस २५ दिवस, पोंग्यात ओला भुसा, पानांस ओळीने छिद्रे, अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण, शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके.’ या नोंदीत लष्करी अळी हे नाव कोठेही नाही, तरी ती नवीच अळी आहे हे यंत्रासही ओळखता येते आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यासही. सोबत अळीचे जवळून घेतलेले छायाचित्र जोडावे, म्हणजे शेतावर जाण्यापूर्वीच खात्री करून घेता येते.