बाप्पाला निरोप देताना पाय सांभाळा!

मागच्या गणपतीत साताऱ्याहून नणंद मुलांना घेऊन आली होती. दीड दिवसाचा बाप्पा पोचवायला आम्ही सगळे मढच्या किनाऱ्यावर गेलो. आरती झाली, भाचा पाट धरून गुडघाभर पाण्यात शिरला आणि एकदम किंचाळलाच. घोट्याजवळ जखम, रक्त आणि असह्य कळ! लगेच सल्ले देणारे जमले. कुणी म्हणे वाळू चोळा, कुणी म्हणे लिंबू पिळा. कुणी बर्फ आणायला धावलं.

तेवढ्यात कोळीवाड्यातल्या एक मावशी पुढे आल्या. "पाकटाचा काटा लागलाय. वाळू नको, ऊन पाणी आणा," म्हणाल्या. त्यांच्याच दारात बादलीत पाय बुडवून पोराला बसवलं. अर्ध्या तासात त्याचं रडणं थांबलं. नंतर मालाडच्या डॉक्टरांनी जखम साफ करून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "मावशींनी केलं तेच बरोबर!"

मैत्रिणींनो, मंडळातर्फे इतकी वर्षं आरोग्य शिबिरं घेते, डेंग्यूवर बोलते, पण एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. म्हणून हा लेख.

पावसाळ्याच्या शेवटी पाकट मासे किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात येतात आणि वाळूत अंग पुरून पडून राहतात. ते मुद्दाम कुणावर धावून येत नाहीत, पण पाय पडला की शेपटीवरचा विषारी काटा मारतात. १० सप्टेंबर २०१३ रोजी, दीड दिवसाच्या विसर्जनाला, गिरगाव चौपाटीवर कितीतरी भाविकांना असे काटे लागले होते. याच दिवसांत निळ्या फुग्यासारखी दिसणारी 'ब्लू बॉटल'ही वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये तिने मुंबईच्या किनाऱ्यांवर अनेकांना डंख केले. वाळूत मेलेली दिसली तरी तिचे धागे डंख करतात. मुलं खेळणं समजून ती उचलतात, तेव्हा लक्ष ठेवा.

गरम पाणीच का? या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात आणि कळ कमी होते. पाणी सोसवेल इतकंच गरम, साधारण ४५ अंश असावं. बाळाच्या अंघोळीचं पाणी आपण कोपर बुडवून पाहतो ना, तसंच दुसऱ्या कुणीतरी आधी पाहावं. कळ लागलेल्याला चटका कळत नाही. पाकटाच्या जखमेला अर्धा ते दीड तास शेक द्यावा.

हे लक्षात ठेवा :

* पाण्यात अनवाणी जाऊ नका. गमबूट घाला आणि पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चाला. चाहूल लागली की पाकट निघून जातो.
* लहान मुलांना पाण्यात नेऊ नका.
* रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. काटा खोल रुतला असेल तर ओढू नका. तो करवतीसारखा असतो, आणखी फाडतो.
* ब्लू बॉटलचे धागे हाताने न काढता काठीने किंवा जाड कापडाने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग गरम पाण्याचा शेक द्या. चोळू नका.
* कळ थांबली तरी पाकटाची जखम डॉक्टरांना दाखवाच. काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते.
* धाप लागली, चेहरा सुजला, चक्कर आली किंवा काटा छातीत-पोटात लागला तर लगेच १०८ ला फोन करा. मढहून मालाडचा रस्ता लांबचा आहे, वाट पाहत बसू नका.

अलिबाग असो, गणपतीपुळे असो की आमचं मढ, समुद्रावर जाताना किनाऱ्यावरच्या माणसांना आधी विचारावं. त्यांना पाण्याची रीत ठाऊक असते. आणि यंदा आरतीच्या ताटासोबत गरम पाण्याचा एक थर्मासही पिशवीत असू द्या. आमच्या पिशवीत आता तो असतोच!