नकाशाआधी घरच्या बाईला विचारा

डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते पंडित नेहरू. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन, एवढं आपण शाळेत शिकलो. पण त्यासाठी ‘टिळकनगर’ कसं उभं राहिलं, हे मुलींना कोणी सांगत नाही. सगळं खेड्याच्या साहित्यातून व्हावं, ही गांधीजींची इच्छा. त्यांनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. बोस आणि वास्तुरचनाकार म्हात्रे यांनी बांबूसारख्या साध्या वस्तूंतून ते साकारलं. शहराची नक्कल न करताही देखणं काम होतं, हे तेव्हा देशाने पाहिलं.

खरं तर हे शहाणपण आपल्या धाब्याच्या घरांत आधीपासूनच होतं. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, वर मातीचा जाड थर. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकला तरी आत जीव निवायचा. धाब्यावर पापड-कुरडया वाळायच्या, रात्री अंथरुणं पडायची. पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायची, भिंती लिंपायच्या, जमीन सारवायची. यातलं बरंचसं काम बायकांचं. कोणती माती धरते आणि कोणती भेगाळते, हे त्यांना बोटांनी कळायचं.

म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मात्र नाही. धाबं गळायचं आणि दरवर्षीची मेहनत बाईच्याच कंबरेवर पडायची. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड माळवदं आणि दगडमातीच्या भिंती कोसळून हजारो माणसं गेली. तेव्हा पक्कं घर हवं, हे बायकांचं म्हणणं रास्तच आहे.

अडचण पुढेच आहे. बचत गटाच्या बैठकीत घरकुलाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते, “ताई, घर पक्कं झालं, पण दुपारी स्वयंपाकघरात उभं राहवत नाही.” खिडकी लहान, वारा नाही, ओट्याला जागा नाही. वर तापलेला स्लॅब नाहीतर पत्रा!

२०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, त्यातच स्वयंपाकाची जागा. घर शक्यतो बाईच्या नावे किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावे. कंत्राटदार न नेमता कुटुंबानेच ते बांधायचं, असा नियम आहे. म्हणजे कागदावर मालकीण ती, पण खिडकी कुठे असावी हे ठरवतो गवंडी!

याच योजनेसाठी दिल्लीच्या आयआयटीच्या मदतीने वेगवेगळ्या राज्यांतल्या घरांचे नमुने ‘पहल’ या नावाने एकत्र केले गेले. पहल म्हणजे प्रकृती, हुनर, लोकविद्या. नाव किती बोलकं आहे! ही लोकविद्या आपल्या सासवा-आज्यांकडे आहे. ती विचारल्याशिवाय कशी मिळणार?

मैत्रिणींनो, पाया खोदण्याआधी गवंड्याला समोर बसवा. समोरासमोर खिडक्या मागा, पश्चिमेच्या भिंतीला सावली मागा, गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मागा. ओटा तुमच्या उंचीचा करून घ्या. घरातल्या म्हातारीला विचारा, वारा कुठून येतो. दिवसाचे बारा तास त्या घरात तुम्ही राहणार आहात, तेव्हा पहिला शब्दही तुमचाच हवा.