जमावबंदीच्या आदेशावर न्यायाधीशाची सही का नसते? बेळगाव ते माँटेस्क्यू

बेळगावात मेळावा किंवा मोर्चा जाहीर झाला की जमावबंदीचा आदेश येणार, हे आता लोकांना पाठ झालंय. आदेशाखाली सही असते जिल्हाधिकाऱ्यांची, शहरात कधी पोलीस आयुक्तांची. कोर्टाची नसते. ज्या सरकारविरुद्ध बोलायचं, त्याच सरकारचा अधिकारी बोलायला बंदी घालणार, हे कसं काय? हा प्रश्न जुना आहे, अगदी अठराव्या शतकातला.

तो सर्वात नेमका मांडला माँटेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने. बोर्डो शहराजवळचा हा जमीनदार, द्राक्षमळ्यांचा मालक. तिथल्या वरिष्ठ न्यायालयातलं पद त्याला काकांकडून वारशाने मिळालं आणि १७२६ मध्ये त्याने ते चक्क विकलं. त्या काळी फ्रान्समध्ये न्यायाधीशाची खुर्ची अशी विकत मिळायची! त्यामुळे सत्ता आणि न्याय यांची सरमिसळ त्याने आतून पाहिली होती. त्याचा मोठा ग्रंथ १७४८ मध्ये जिनिव्हात छापला गेला, तोही लेखकाच्या नावाशिवाय. तीनच वर्षांत चर्चने तो निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकला.

त्याचं म्हणणं साधं होतं. स्वातंत्र्य म्हणजे मनात येईल ते करणं नव्हे, तर आपल्याला कोणी उगाच हात लावणार नाही ही खात्री. कायदा करणारा, तो राबवणारा आणि त्यावर निवाडा देणारा एकच असला तर ही खात्री राहत नाही. मग राजा चांगला असो की वाईट. उदाहरण म्हणून त्याने इंग्लंड दाखवलं. खरं तर तिथे मंत्रीच संसदेत बसत आणि वरिष्ठ सभागृह हेच सर्वोच्च न्यायालय होतं. उदाहरण कच्चं होतं, पण विचार टिकला. १७८७ ची अमेरिकन राज्यघटना त्यावर उभी राहिली. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याने तर सत्ताविभाजन नाही तिथे राज्यघटनाच नाही, असं म्हटलं.

भारतात इंग्रजांनी मात्र उलटं केलं. कलेक्टर सारा गोळा करणार, पोलिसांवर देखरेख ठेवणार आणि मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षाही देणार. काँग्रेसने १८८६ पासून याविरुद्ध ठराव केले. पुढे राज्यघटनेच्या कलम ५० मध्ये न्यायव्यवस्था प्रशासनापासून वेगळी करण्याचं तत्त्व आलं. पण ते मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. मुंबई राज्याने १९५१ मध्येच वेगळा कायदा केला. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होतं. देशभर ही फारकत झाली ती १ एप्रिल १९७४ पासून, नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने.

तरी एक दार उघडंच राहिलं. गुन्हा घडल्यावरचा खटला न्यायाधीशाकडे गेला, पण गुन्हा घडू नये म्हणून घ्यायची खबरदारी प्रशासनाकडेच राहिली. तहसीलदारांपुढे चालणारी चॅप्टर केस त्यातलीच, आणि जुनं कलम १४४ सुद्धा. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १६३ झालंय. आकडा बदलला, सही करणारा तोच.

अर्थात हा अधिकार मोकाट नाही. आदेश लेखी आणि कारणांसह हवा. तो दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. फार तर राज्य सरकार आणखी सहा महिने वाढवू शकतं. कायदेशीर मतप्रदर्शन दाबण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही आणि आदेश जाहीर केलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये काश्मीरच्या इंटरनेटबंदी प्रकरणात बजावलं.

आदेश मागे घ्या, असा अर्ज त्याच अधिकाऱ्याकडे किंवा राज्य सरकारकडे करता येतो. नाहीतर उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहेच. अडचण वेळेची. बंदी असते एक-दोन दिवसांची. आदेशाची प्रत हातात पडून, वकील गाठून, सुनावणी लागेपर्यंत मेळाव्याची तारीख उलटून गेलेली असते.