मुलाचा गेमिंग लॅपटॉप पदवीपर्यंत टिकेल काय?

दुकान, कारखाना किंवा हातची कारागिरी सांभाळून मुला-मुलींना अभियांत्रिकी, वास्तुकला किंवा ॲनिमेशनच्या शिक्षणाला पाठविणाऱ्या आमच्या अनेक वाचकांपुढे आज एक नवा खर्च उभा राहिला आहे. प्रवेश मिळताच घरात मागणी होते, ‘अब्बा, साधा लॅपटॉप चालणार नाही, गेमिंगचाच लागेल.’ किंमत सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात. छोट्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे एका हंगामाचे भांडवल झाले. तेव्हा हे यंत्र पदवी हाती येईपर्यंत साथ देणार की नाही, हा प्रश्न हौसेचा नसून हिशेबाचा आहे.

मुलांची मागणी दर वेळी खोटी असते असे नव्हे. सॉलिडवर्क्स, ब्लेंडर यांसारख्या आज्ञावलींवर मोठे काम करायचे तर चित्रे हाताळणारी स्वतंत्र ग्राफिक्स चिप उपयोगी पडते, आणि ती गेमिंग लॅपटॉपमध्ये असते. मात्र केवळ लेखन, हिशेब व साधे प्रोग्रॅमिंग करणाऱ्यास तिची गरज नाही. अभ्यासक्रम कोणता, हे आधी पाहावे.

कायदा काय धरतो?

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे धरले आहे. अभियांत्रिकीची पदवी ४ वर्षांची. म्हणजे हिशेबाच्या वहीत यंत्र संपते, तेव्हा मुलाचे शेवटचे वर्ष सुरू होते. आणि तेच वर्ष प्रकल्पाचे व नोकरीच्या मुलाखतींचे असते. आमच्या मते नीट निगा राखली तर गेमिंग लॅपटॉप चार-पाच वर्षे काम देतो. निगा नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच तक्रारी सुरू होतात.

खरा शत्रू उष्णता

साध्या लॅपटॉपचा चार्जर ४५ ते ६५ वॅटचा असतो, गेमिंग लॅपटॉपचा १८० ते २४० वॅटचा, कधी त्याहूनही मोठा. यंत्राने घेतलेल्या या विजेची अखेर उष्णताच होते, आणि ती इंचभर जाडीच्या पेटीतून बाहेर टाकावी लागते. जड कामात आतील चिप ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. १०० अंशांच्या आसपास गेली की स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करते. ‘लॅपटॉप हळू झाला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागधारकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. हवेत सुताचे तंतू उडत असताना जो कारागीर माग झाडून-पुसून, तेल घालून चालवितो, त्याचा माग टिकतो. लॅपटॉपचे पंखे हीच हवा आत ओढतात आणि धूळ व तंतू आतल्या बारीक पात्यांत अडकून वाट बंद करतात. वसतिगृहातील मुलांची गादीवर लॅपटॉप ठेवण्याची सवय तर थेट यंत्राचा श्वास कोंडते, कारण हवा खालून आत जाते. टेबल किंवा लाकडी फळी वापरावी. वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून आतून साफ करून घ्यावे. चिपवरील उष्णतावाहक लेपही दोन-तीन वर्षांत सुकू लागतो, तो बदलावा. काही यंत्रांत लेपाऐवजी द्रवरूप धातू असतो. त्याला नवशिक्याने हात लावू नये. तो सांडल्यास मदरबोर्ड जातो.

आधी काय झिजते?

सर्वांत आधी बॅटरी. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते, आणि उष्णतेने हे लवकर घडते. लॅपटॉप दिवसभर विजेला जोडून चालत असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात, ती चालू करावी. बॅटरी फुगलेली दिसली तर वापर ताबडतोब थांबवावा. त्यानंतर पंखे, बिजागरी व चार्जरची जागा. झाकण एका कोपऱ्याने ओढून उघडल्याने बिजागरी तुटते. हे सर्व भाग बदलता येतात. माहिती साठविणारी एसएसडी मात्र सहसा दगा देत नाही, तरी प्रकल्पाची दुसरी प्रत वेगळी ठेवावीच.

घेताना

ग्राफिक्सची स्मृती मागाहून वाढविता येत नाही. ४ जीबी आज अपुरी पडते. जड कामासाठी ८ जीबी पाहावी. रॅम १६ जीबी असावी व वाढविण्याची जागा आहे का, हे विचारावे. शक्य तर ३ वर्षांची वॉरंटी घ्यावी. यंत्र धडधाकट असूनही निकामी ठरते, हेही ध्यानात असावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि २०१७ पूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज ११ मान्य करीत नाही. म्हणून स्वस्त मिळतो म्हणून फार जुना नमुना घेऊ नये.

‘बिनव्याजी हप्ता’ ही जाहिरातही तपासून घ्यावी. बहुधा बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट देतो, आणि त्या व्याजावरील जीएसटी ग्राहकाच्या माथी येतो. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांनी कराराचा कागद वाचल्याशिवाय सही करू नये. थोडे थांबून रोखीने घेणे बरे.

धंद्यातील बंधूंना दोन शब्द

पदवी संपली की हेच लॅपटॉप लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत वापरलेला माल म्हणून येतात. दुरुस्ती व जुन्या मालाची विक्री हा आपल्या अनेक तरुणांना रोजी देणारा हुन्नर होऊ शकतो. त्याचे भांडवल मात्र विश्वास हे आहे. वरून कोरडे व आत ओले धान्य विकणाऱ्यास प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी भर बाजारात टोकले होते आणि ओला माल वर ठेवायला हवा होता, असे बजावले होते. फुगत चाललेली बॅटरी किंवा एकदा दुरुस्त झालेला मदरबोर्ड हे आजचे ओले धान्य होय. दोष सांगून, भाव कमी करून विकावे.

ऐंशी हजारांचा लॅपटॉप ४ वर्षे चालला तर दिवसाला सुमारे ५५ रुपये पडतात. दोनच वर्षांत बसला तर ११० रुपये. हा फरक दुकानात नव्हे, घरातील टेबलावर ठरतो. मुलाच्या हाती यंत्र देताना हा हिशेबही द्यावा, म्हणजे बापाच्या घामाची किंमत त्याला कळेल.