डाग पडतो तो कडेला

वापरलेल्या सॅनिटरी पॅडचं वजन करणं हे काही लोकांचं नोकरीतलं रोजचं काम असतं. मोठ्या कंपन्या नवा नमुना बाजारात आणण्याआधी तो काही बायकांना वापरायला देतात आणि वापरलेली पॅड्स बंद पिशवीत परत घेतात. आधीचं वजन आणि नंतरचं वजन ताडून पाहिलं जातं, डाग केवढा आणि कुठे उमटला ते टिपलं जातं, कपड्याला काही लागलं का तेही विचारलं जातं. या सगळ्यातून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट समोर येते. ज्या पॅडमुळे कपड्याला लागलं, ते भरून वाहत होतं असं नाही. त्याचा बराचसा भाग अनेकदा कोरडाच निघतो. रक्त मुरायच्या आधीच एका बाजूने निसटलेलं असतं.

दुकानात मात्र आपण उलटा हिशेब करतो. मागच्या वेळी डाग पडला, तर या वेळी आणखी जाड, आणखी लांब पॅड घ्यायचं. पॅडमध्ये मावतं किती हा प्रश्न तसा केव्हाच सुटलेला आहे. पॅड योग्य जागी टिकतं का आणि आलेलं रक्त किती झटपट आत घेतं, यावर सगळं अडतं.

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० मिलिलिटरच्या वर गेलं, तर डॉक्टर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. अंगावरून जाणाऱ्या द्रवात रक्ताचा वाटा जवळपास निम्माच असतो. उरलेल्यात गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे आणि चिकट स्राव येतात. चार-पाच दिवसांत विभागलं तर हे प्रमाण फार नाही. पण ते ठरलेल्या गतीने येत नाही. रात्रभर आडवं पडल्यावर किंवा बराच वेळ एका जागी बसल्यावर आत साठलेला द्रव उठल्याबरोबर भसकन खाली येतो. तापलेल्या जमिनीवर वळवाची सर कोसळली की पाणी मुरायच्या आत उताराने धावतं, तसंच इथे होतं. जमिनीची पाणी धरायची ताकद कमी नसते. तिला तेवढी सवड मिळत नाही.

ही सवड मिळवून देण्यासाठी पॅडच्या आत काय काय केलेलं असतं, ते पाहायला एक कोरं पॅड कात्रीने आडवं कापावं. सर्वांत वर अंगाला लागणारा पदर असतो. तो कधी मऊ, न विणलेल्या कापडाचा असतो, कधी बारीक भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचा. ही भोकं वर रुंद आणि खाली निमुळती ठेवलेली असतात, म्हणजे द्रव खाली सहज उतरतो आणि दाब पडला तरी सहजी वर येत नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बलने अमेरिकेत १९८३ साली ‘ऑल्वेज’ हे पॅड आणलं, ते अशाच जाळीदार पदराच्या जोरावर. आपल्याकडे याच कंपनीचं पॅड ‘व्हिस्पर’ नावाने घरोघरी पोहोचलं. जाळी कोरडी राहते. पण घाम आणि उष्णता धरून ठेवते. म्हणून काहींच्या जांघेत पुरळ येतं आणि त्या कापडी पदराच्या पॅडकडे वळतात.

त्याखाली एक विरळ, फुगीर पट्टी असते. कधी ती फिकट निळी किंवा जांभळी रंगवलेली असते. एकदम आलेली लाट झेलायची आणि पॅडच्या लांबीत पसरवायची, एवढंच तिचं काम. तिच्याखाली मुख्य गाभा. जाड पॅडमध्ये तो पाइनच्या लाकडाच्या लगद्याचा, कापसासारखा दिसणारा असतो. पातळ पॅडमध्ये दाबलेल्या कागदी थरात पांढरे बारीक दाणे विखुरलेले असतात. बोटावर दोन-चार दाणे घेऊन पाण्याचा थेंब टाकला की बघता बघता त्यांची पारदर्शक जेली होते. शेवटी प्लॅस्टिकचा पापुद्रा, त्यावर गोंदाच्या पट्ट्या आणि त्या झाकणारा गुळगुळीत कागद.

ते दाणे म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट. १९७८ च्या सुमारास जपानमध्ये हा पदार्थ पॅडमध्ये येऊ लागला आणि पुढे पॅड बोटभर जाडीचं होतं ते काही मिलिमीटरवर आलं. शुद्ध पाणी तो स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषतो. पाण्यात मीठ असलं की हा आकडा झपाट्याने उतरतो. रक्तात मीठ तर असतंच, शिवाय पेशी आणि प्रथिनं दाण्यांच्या पृष्ठभागावर बसून वाट अडवतात. त्यामुळे दाणे साठवायला उत्तम, पण आलेली लाट थोपवायला अपुरे. ती वरच्या दोन पदरांनीच थोपवावी लागते.

जाहिरातीतला निळा द्रव इथेच दिशाभूल करतो. तो पाण्यासारखा पातळ असतो आणि संथपणे पॅडच्या बरोबर मधोमध ओतला जातो. पाळीचं रक्त दाट असतं, त्यात गुठळ्या असतात आणि ते मधोमधच पडेल याची कोणी हमी दिलेली नसते. कंपन्यांच्या प्रयोगशाळांना हे ठाऊक आहे. म्हणूनच तिथे मेंढीच्या रक्तात चिकट पदार्थ मिसळून पाळीच्या रक्ताची नक्कल तयार करतात. सार्वजनिक संशोधन मात्र फार मागे राहिलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन आरोग्य व विज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २१ उत्पादनं माणसाच्या रक्ताने तपासली, ती २०२३ साली. रक्तपेढीत मुदत संपलेल्या तांबड्या पेशी त्यांनी त्यासाठी वापरल्या. पाकिटावरचा दावा आणि प्रत्यक्ष मावणारं रक्त यांत अनेक ठिकाणी तफावत आढळली, कारण तोवरच्या चाचण्या बहुधा पाणी किंवा मिठाचं पाणी ओतूनच होत असत.

भारतीय मानक संस्थेच्या आयएस ५४०५ या मानकाच्या १९८० च्या आवृत्तीत रंगीत पाणी किंवा मेंढी-बकरीचं रक्त वापरायची मुभा होती. मिनिटाला १५ मिलिलिटर या वेगाने ३० मिलिलिटर द्रव पॅडवर सोडायचा आणि तो खालून किंवा कडांनी बाहेर येतो का ते पाहायचं. संपूर्ण पाळीत जेवढं रक्त जातं, जवळपास तेवढा द्रव दोन मिनिटांत. परीक्षा कडकच म्हणायची. पण ती होते सपाट टेबलावर, आणि टेबलाला मांड्या नसतात. टेबल जिना चढत नाही, कूस बदलत नाही.

कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी नेमकी ही उणीव आपल्या अंगावर घेतली होती. स्वस्त पॅड बनवण्याच्या धडपडीत चाचणी द्यायला बायका तयार होईनात, तेव्हा फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये बकरीचं रक्त भरून ते त्यांनी कमरेला बांधलं आणि चालता-चालता, सायकल चालवता-चालवता दाबून पाहिलं. गावाने त्यांना वेड्यात काढलं. चाचणी मात्र शास्त्राला धरून होती, कारण तीत शरीर हलत होतं. नुसता कापूस का टिकत नाही आणि कंपन्या लाकडाचा लगदा का वापरतात, हेही त्यांना खूप खटपटीनंतर उमगलं. पुढे त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

हलणाऱ्या शरीरावर पॅड टिकवायचं कसं, हा प्रश्न पॅडइतकाच जुना आहे. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला किंबर्ली-क्लार्क कंपनीने लाकडाच्या लगद्याचं ड्रेसिंग तयार केलं. आघाडीवरच्या परिचारिका ते पाळीसाठी वापरू लागल्या आणि १९२० साली त्याचंच ‘कोटेक्स’ झालं. शोषण्यात ते कापसाला भारी होतं. पण त्याला धरून ठेवायला कमरेचा पट्टा लागे आणि दोन टोकं पट्ट्याला अडकवलेलं पॅड मधल्या मध्ये पुढे-मागे सरके. आपल्याकडे कमरेच्या नाडीला घडी अडकवणाऱ्या बायकांना हा त्रास वेगळा सांगायला नको. मेरी बिअॅट्रिस डेव्हिडसन केनर या अमेरिकी महिलेने कमी-जास्त करता येईल असा, ओल झिरपू न देणाऱ्या कप्प्याचा पट्टा शोधून काढला आणि १९५६ साली त्याचं पेटंट मिळवलं. एका कंपनीने उत्सुकता दाखवली. पण केनर कृष्णवर्णीय आहेत हे कळताच ती मागे हटली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. १९७० च्या आसपास मागे गोंद लावलेलं पॅड आलं आणि पट्ट्याचा जमाना संपला.

गोंदाने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा उभा केला. पॅड आता शरीराला नाही, चड्डीला चिकटलं होतं. चड्डी सैल असेल तर पॅड अंगापासून दूर लोंबतं आणि मधल्या फटीतून द्रव त्वचेवरून ओघळत जातो. चड्डी बारकी असेल तर पॅडच्या कडा वर वळतात. चालताना दोन्ही मांड्या पॅडला बाजूंनी चेपतात. त्याचा चोळामोळा होऊन मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना उतार तयार होतो. उतार दिसला की द्रव कुठे जाणार ते सांगायला नको. १९८० च्या दशकात आलेल्या विंग्सचं काम म्हणूनच दुहेरी आहे. त्या पॅडला जागेवर धरतात, शिवाय चड्डीच्या इलॅस्टिकची कड झाकतात. डाग बहुतेकदा सुरू होतो तो याच कडेपासून.

पॅडवर दाबून उमटवलेल्या रेघा आणि वेलबुट्ट्या शोभेच्या वाटतात. पण जिथे दाब दिला तिथे तंतू जवळ येतात आणि द्रव त्या रेघेने लांबीच्या दिशेने ओढला जातो, कडेपर्यंत पोहोचत नाही. मांड्यांनी पॅड दाबलं की ते याच रेघांवर दुमडतं. कसंही चुरगळण्याऐवजी मधला भाग वर, अंगाकडे उचलला जातो. रात्रीचं गणित वेगळं. उताणं झोपल्यावर द्रव नितंबांमधल्या घळीतून मागे सरकतो, म्हणून रात्रीचं पॅड मागच्या बाजूला पसरट असतं. पोटावर झोपणारीला मात्र त्या मागच्या पसाऱ्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

आपल्याकडच्या वापराची आणखी एक बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते २४ वयाच्या सुमारे ६४ टक्के मुलींनी सॅनिटरी नॅपकिन वापरत असल्याचं सांगितलं आणि जवळपास ५० टक्के मुलींनी कापड. म्हणजे अनेकजणी दोन्ही वापरतात. पॅड बाहेर जाताना, कापड घरी. पॅड असतं ते शाळेच्या आणि कामाच्या तासांसाठी, आणि त्याच तासांत ते बदलायला जागा नसते. फडात ऊसतोड करणारी बाई सारखी वाकते, मोळी डोक्यावर घेते. एसटीतली कंडक्टर दिवसभर उभी, गाडीचे हादरे सोसत. चार ते सहा तासांनी पॅड बदलावं हा सल्ला त्यांच्या दिवसात बसत नाही. मग दोन पॅड्स एकावर एक लावली जातात. वरच्या पॅडच्या पाठीला प्लॅस्टिक असल्याने खालच्यापर्यंत काही झिरपत नाही. जाडी तेवढी वाढते आणि कडेची फटही.

घरी शिवलेल्या किंवा बचत गटांच्या कापडी पॅड्सना गोंद नसतो, म्हणून त्यांच्या विंग्सना टिचबटण लावतात. पुन्हा वापरता येणाऱ्या अशा पॅड्ससाठी २०२१ पासून आयएस १७५१४ हे वेगळं मानक आहे.

गळती रोखणारे गोंद, प्लॅस्टिक आणि जेलीचे दाणे कचऱ्यात गेल्यावर त्रासाचे ठरतात. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बायकांनी २०१३ साली वापरलेली पॅड्स कंपन्यांकडेच परत धाडण्याची मोहीम काढली होती. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर पॅडसोबत गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी टाकली. पुण्याच्याच ‘पॅडकेअर लॅब्स’ने वापरलेल्या पॅडमधून लगदा आणि प्लॅस्टिक वेगळं काढायचं यंत्र बनवलं आहे. पदर जितके घट्ट चिकटवलेले, तितकं ते सुटं करणं अवघड.

नवं पाकीट घेण्याआधी मागच्या पॅडकडे एक नजर टाकली तर बरंच कळतं. डाग कडेने गेला असेल आणि मधला भाग कोरडा असेल, तर लांबी वाढवून फरक पडणार नाही. अंगाबरोबर बसणारी चड्डी आणि विंग्स लागतील. डाग मागच्या टोकाला असेल तर लांब पॅड हवं, किंवा तेच पॅड थोडं मागे सरकवून लावायला हवं. पॅड मध्येच चुरगळलं असेल तर ते चड्डीच्या पट्टीपेक्षा रुंद आहे. आणि सगळं पॅड भिजून दोन-दोन तासांत बदलावं लागत असेल, तर दुकानात नाही, दवाखान्यात जायला हवं. अडचण इतकीच, की पाकिटावर बहुधा फक्त लांबी छापलेली असते: २४० मिलिमीटर, २८० मिलिमीटर, ३२० मिलिमीटर. मध्यभागाची रुंदी किती, विंग्स टोकापासून किती अंतरावर, द्रव आत जायला किती सेकंद लागतात, हे आकडे कंपनीच्या प्रयोगशाळेत असतात, पाकिटावर नसतात.