महंमद तुघलकाची अखेरची मोहीम

'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोग आपण मराठीत सर्रास करतो. राजधानी दिल्लीहून दौलताबादला नेणारा आणि तांब्याची नाणी काढणारा सुलतान विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून माहीत असतो. मात्र त्याची शेवटची वर्षे आपल्या गुजरातेत गेली, हे फारसे सांगितले जात नाही.

इ. स. 1345 मध्ये डभोई आणि बडोद्याच्या बाजूला सुलतानाच्याच अंमलदारांनी बंड केले. ते मोडायला सुलतान स्वतः दिल्लीहून निघाला आणि पुन्हा दिल्लीला परतलाच नाही. भडोचला मुक्काम असताना त्याने दौलताबादच्या अमिरांना बोलावणे धाडले. तिथे गेल्यावर आपली गर्दन जाणार हे ओळखून ते अर्ध्या वाटेवरून मागे फिरले आणि त्यांनी दौलताबादचा किल्लाच ताब्यात घेतला. आमच्या मते सुलतानाची मोठी चूक तीच. एक बंड विझवताना त्याने दुसरे पेटवले.

सुलतान दौलताबादला पोचला, लढाईही जिंकला. पण किल्ल्याला वेढा चालू असतानाच गुजरातेत तघी नावाच्या गुलामाने उठाव केल्याची बातमी आली. तघीने खंभात लुटले आणि भडोचला वेढा घातला. सुलतान उलट पावली भडोचला आला. त्याची पाठ फिरताच दौलताबाद हातचे गेले आणि 3 ऑगस्ट 1347 रोजी हसन गंगू गादीवर बसून बहमनी राज्य सुरू झाले. महाराष्ट्राच्या पुढच्या इतिहासाचे एक दार असे उघडले. आपल्या सुरतेहून भडोच रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून ही हकिगत मुलांना जवळची वाटावी.

तघी भडोचहून खंभातला, तिथून असावल, पाटण, मग कच्छ आणि शेवटी सिंधमध्ये ठठ्ठ्याला पळाला. त्याच्या मागावर असताना सुलतानाने गुजरातेत तीन पावसाळे काढले. तिसरा पावसाळा गोंडलला. तिथेच तो तापाने आजारी पडला. थोडे बरे वाटताच त्याने नावा जमवून सिंधू ओलांडली. मोहरमच्या दहाव्या दिवशी उपास धरला, संध्याकाळी मासळी खाल्ली आणि ताप उलटला. ठठ्ठा चौदा कोसांवर असताना 20 मार्च 1351 रोजी त्याने प्राण सोडला. छावणीत हजर असलेल्या झियाउद्दीन बरनीने हे सारे लिहून ठेवले आहे.

युरोपच्या धर्मयुद्धांतही असे घडलेले आहे. जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा 1190 मध्ये जेरुसलेमच्या वाटेवर नदीत बुडाला आणि त्याचे बरेचसे सैन्य पांगले. फ्रान्सचा नववा लुई 1270 मध्ये ट्यूनिसजवळ छावणीत रोगाने गेला. तुघलकाची मोहीम धर्मयुद्ध नव्हती, तो आपल्याच नोकरांशी लढत होता. पण सरदारांपुढचा पेच तोच होता. त्या काळी फौज राजाच्या नावाने आणि त्याच्या खजिन्यावर चाले. राजा गेला की पगार कोण देणार आणि हुकूम कुणाचा, हेच कुणाला ठाऊक नसे.

इथे तर मदतीला आलेले मोगल घोडेस्वारच छावणी लुटू लागले आणि मागून सिंधी टोळ्यांचे हल्ले सुरू झाले. बायकामुले, सामान, उंट यांचा तांडा घेऊन परक्या मुलखात अडकलेल्या माणसांची काय अवस्था झाली असेल! शेवटी सरदारांनी सुलतानाचा चुलतभाऊ फिरोज याला गळ घातली आणि 23 मार्चला त्याला गादीवर बसवले. तिकडे दिल्लीत वृद्ध वजिराने एका लहान मुलाला सुलतान करून टाकले होते. फिरोज जवळ येताच तो वजीर शरण गेला, तरी त्याचा जीव वाचला नाही.

तघी मात्र महंमदाच्या हाती लागलाच नाही. तो मारला गेल्याची बातमी फिरोजला दिल्लीच्या वाटेवर कळली.