मोबाईलवरचं मैदान (लेखांक ९) : हरलं का चवताळते

या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत खेळणाऱ्या मुलांच्या झोपेवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. मागचा लेख वाचून अकोल्याच्या जुन्या शहरातल्या, जय हिंद चौकाकडे राहणाऱ्या एका ताईंचा निरोप आला आणि तो बाजूला ठेववेना. निरोप असा : "भाऊ, पोट्टं फ्री फायर खेयते. जिंकलं तं गोड बोलते. हरलं का चवताळते, लहान्या बहिणीच्या अंगावर धावते. हे बंदुकीच्या खेळानं झालं काय?"

ताईंनी उत्तराचा मोठा भाग प्रश्नातच देऊन टाकला आहे. जिंकलं तेव्हाही त्याच बंदुका होत्या, तेवढीच माणसं पडद्यावर पडली होती. तरी पोरगं गोड बोललं. मग राग आला कुठून?

आपल्याकडे हा वाद कोर्टातही जाऊन आला आहे. २०१९ च्या जानेवारीत अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पबजी या बंदुकीच्या मोबाईल गेममुळे हिंसा आणि आक्रमकता वाढते, त्यावर बंदी घाला, अशी मागणी होती. एप्रिलमध्ये न्यायालयाने केंद्राला त्यात लक्ष घालायला सांगितलं. त्याआधी मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी तर पबजी खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली होती. प्रत्यक्षात देशभर बंदी आली ती २ सप्टेंबर २०२० ला, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली, आणखी ११७ ॲपसोबत. कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं आणि लोकांच्या माहितीचं. हिंसेचा मुद्दा त्यात नव्हता. म्हणजे पबजीने मुलं आक्रमक होतात की नाही, याचा निवाडा त्या बंदीने केलाच नाही, जरी गल्लोगल्ली लोकांनी तो तसाच समजून घेतला. मूळ फ्री फायरही फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला. त्याची 'मॅक्स' आवृत्ती राहिली आणि पोरं तिलाच फ्री फायर म्हणतात.

आता मी ज्या प्रयोगासाठी हा अख्खा लेखांक खर्च करतो आहे, त्याकडे येतो. प्रयोगशाळेत माणसाचा राग मोजायचा कसा, हा या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न. कुणाला खरोखर मारायला तर लावता येत नाही. म्हणून संशोधकांनी एक युक्ती काढली : तिखट. खेळून झालेल्या माणसाला सांगायचं, पलीकडच्या खोलीत एकाला चटणी चाखायची आहे, त्याला तिखट मुळीच सोसत नाही. त्याच्यासाठी किती जहाल आणि किती चटणी काढायची ते तू ठरव. जितकी जास्त, तितकी मनातली आक्रमकता जास्त. आपल्या वऱ्हाडात पाहुण्याच्या ताटात ठेचा वाढणं ही माया असते, त्यामुळे हे माप वाचताना मला आधी थांबावंच लागलं. पण समोरच्याला सोसत नाही हे माहीत असून वाढणं वेगळं, हे आपणही मान्य करू.

कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठात अदाची आणि विलोबी या दोघांनी २०११ मध्ये हेच माप वापरलं, पण त्याआधी एक साधी गोष्ट केली जी इतरांनी फारशी केली नव्हती. आधीच्या बऱ्याच प्रयोगांत एका बाजूला चुरशीचा मारामारीचा गेम आणि दुसऱ्या बाजूला संथ, शांत गेम असे. मग फरक दिसला तर तो रक्ताचा की चुरशीचा, हे कळणार कसं? या दोघांनी हिंसा आणि चुरस वेगळी काढली. एका गटाला चुरशीची मारामारी दिली, एकाला झोंबींना गोळ्या घालायचा पण कमी चुरशीचा गेम, एकाला गाड्यांची शर्यत, आणि एकाला गोट्या घरंगळवण्याचा साधा खेळ. जास्त तिखट काढलं ते मारामारीवाल्यांनी आणि शर्यतवाल्यांनी. शर्यतीत रक्ताचा एक थेंब नव्हता. झोंबी मारणारे मात्र त्यांच्या मागे राहिले.

तीन वर्षांनी, २०१४ मध्ये, शिबिल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याही पुढे जाऊन टेट्रिस घेतला. वरून पडणारे ठोकळे बसवायचे, एवढाच तो खेळ. विद्यार्थ्यांनी आधी स्वतः २५ सेकंद बर्फासारख्या थंड पाण्यात हात धरला. मग काहींना सोपा टेट्रिस दिला, काहींना जीव मेटाकुटीला आणणारा. नंतर विचारलं, पुढच्या विद्यार्थ्याने किती वेळ हात पाण्यात ठेवावा? अवघड टेट्रिस खेळलेल्यांनी सरासरी दहा सेकंद जास्त सांगितले. ठोकळ्यांच्या खेळाने माणूस दुसऱ्याचा हात गारठवायला तयार होतो, कारण त्याला आपण हतबल झालो असं वाटलेलं असतं.

आता फ्री फायरचा हिशेब मांडा. एका सामन्यात पन्नास जण उतरतात. शेवटी एकच जण किंवा एकच चौकडी उरते. बाकी सगळे हरतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत पुढचा सामना तयार असतो. एका संध्याकाळी एवढ्या वेळा हरायची वेळ आपल्या लहानपणी कुठल्याच खेळाने आणली नव्हती. शिवाय माईक चालू असतो. अनोळखी मोठी पोरं कानात ज्या शिव्या घालतात, त्या पडद्यावरच्या गोळ्यांपेक्षा मला जास्त घातक वाटतात.

चुरस आपल्याला नवी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून मुलांच्या हातात लाठी देत आलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे देशी खेळ दाखवले. लाठी हे तर खरंखुरं शस्त्र. पण आखाड्यात हरलेल्याच्या पाठीवर हात ठेवणारा वस्ताद असतो, समोरचा हाडामांसाचा असतो, आणि कुस्ती संपली की घरी जायचं असतं. मोबाईलवर चुरस तेवढीच तीव्र आहे, पण पराभव निवळायला कुणीच नाही. मला सगळ्यात मोठा फरक इथे दिसतो. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन रात्रभर अकोल्यातल्या राजराजेश्वर मंदिराकडे चालत येणाऱ्या कावडींत हीच चौकडी करून गेम खेळणारी पोरं खांद्याला खांदा लावून असतात, हेही विसरू नये.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१८ मध्ये २४ अभ्यासांचा, सतरा हजारांहून अधिक मुलांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात हिंसक गेम खेळणाऱ्यांमध्ये पुढे मारामारीचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. उलट २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांच्या अभ्यासात, पालकांना विचारूनही, असा संबंध सापडला नाही. जर्मनीत प्रौढांना दोन महिने रोज 'ग्रँड थेफ्ट ऑटो' खेळवूनही आक्रमकतेत बदल दिसला नाही. माझं मत असं : परिणाम असलाच तर लहान आहे, आणि खून-दंगलीपर्यंत पोचणारा पुरावा नाही. मे २०२३ मध्ये आपल्या जुन्या शहरात दंगल झाली, एकाचा जीव गेला. तिची ठिणगी समाजमाध्यमावरच्या मजकुरातून पडली होती. आणि मार्च २०१९ मध्ये अकोला-पूर्णा मार्गावरच्या हिंगोलीत रुळांजवळ पबजी खेळणारे दोन तरुण रेल्वेखाली गेले, ते भान हरपल्यामुळे. गेमच्या धोक्यांत मी भान हरपण्याला रागाच्या वर ठेवतो.

ताई, म्हणून एवढं करा. चालू सामन्यात मोबाईल हिसकू नका. त्याच्यामुळे चौघं हरतात आणि चौघांचा राग तो घरात आणतो. सुरू करण्याआधीच "हा शेवटचा" असं ठरवून घ्या आणि ते पाळायला लावा. माईक बंद ठेवायला सांगा. बहिणीवर हात उचलला तर त्या दिवशी खेळ बंद. गेमचं कारण तिथे ऐकू नका. आणि आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा : राग कधी आला? हरल्यावर, मोबाईल काढून घेतल्यावर, उपाशी असताना, की रात्री जागल्यावर? इतर वाचकांनीही अशी नोंद करून मला कळवावी. पुढच्या आठवड्यात झोपेवर लिहिताना मला तिचा उपयोग होईल.